जागा धरणारा माणूस : वलंदेजांचा स्टाडहाउडर आणि आपला पेशवा

मागच्या महिन्यात आमचे मुख्याध्यापक आठवडाभर रजेवर होते. ज्येष्ठतेने पदभार माझ्याकडे आला. पदभार म्हणजे काय, तर रोजच्या चार दाखल्यांवर सह्या, वर पाठवायची माहिती आणि पोषण आहाराची नोंदवही. नववीतला एक मुलगा बोनाफाईड न्यायला आला. त्याचे वडील वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मशीनवर काम करतात. पोरगा चौकस आहे. कागद हातात घेऊन त्याने नीट निरखला आणि विचारलं, “सर, सही तुमची, शिक्का शाळेचा. मग मुख्याध्यापक या शब्दाच्या अलीकडे हे ‘करिता’ कशाला लिहिलंय?”

मी म्हटलं, “कारण खुर्ची माझी नाही. मी त्यांच्या जागी सही करतोय.”

“म्हणजे उर्दूत कायम-मकाम?”

“शाबास. तेच.”

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. “सर, मग मुख्याध्यापक कुणाच्या जागी सही करतात?”

त्या वेळी मी हसून त्याला वर्गात पाठवलं. पण प्रश्न डोक्यात राहिला. इतिहासात या एका प्रश्नावरून राज्यं उभी राहिली आहेत आणि बुडालीही आहेत. एका देशात तर नेमक्या याच अर्थाची पदवी दोनशेहून जास्त वर्षं राजकारणाच्या मध्यभागी होती. तो देश म्हणजे नेदरलँड्स, आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या वलंदेजांचा मुलूख. ती पदवी म्हणजे स्टाडहाउडर.

शब्द उलगडून पाहू

इंग्रजी पुस्तकांतून हा शब्द आपल्याकडे ‘स्टॅडहोल्डर’ असा येतो. आजच्या डच भाषेत ‘स्टाड’ म्हणजे शहर. म्हणून अनेकांना वाटतं, की स्टाडहाउडर म्हणजे शहराचा प्रमुख, नगरपाल किंवा महापौर. हा अर्थ चुकीचा आहे. जुन्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जागा’, ‘स्थान’ असा होता. शहर हा अर्थ नंतर पक्का झाला. ‘हाउडर’ म्हणजे धरणारा. स्टाडहाउडर म्हणजे दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा, धन्याच्या गैरहजेरीत त्याच्या जागी बसणारा.

जागेचं शहर कसं होतं, हे आम्हा वसईकरांना वेगळं सांगायला नको. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्या पत्त्यात जिल्हा म्हणून ठाणे लिहिलेलं असायचं. ‘ठाणे’ हे ‘स्थान’ या शब्दाचंच रूप. तिथेही जागेचं शहर झालं. भाषाशास्त्र तर आणखी पुढे जातं. संस्कृत ‘स्थान’, फारसीतलं ‘स्तान’ आणि डच ‘स्टाड’ हे तिन्ही शब्द ‘उभं राहणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. आता त्याला फारसीतला धरणारा, म्हणजे ‘दार’, जोडा. काय झालं? ठाणेदार! अक्षरशः भाषांतर केलं तर स्टाडहाउडर म्हणजे ठाणेदार. वापरातला अर्थ मात्र वेगळा. आपला ठाणेदार चौकी सांभाळतो, त्यांचा स्टाडहाउडर राजाची जागा सांभाळायचा.

हीच कल्पना इतर भाषांतही याच पद्धतीने शब्दात उतरली आहे. फ्रेंचमधून आलेला ‘लेफ्टनंट’ म्हणजे जागा धरणारा. इंग्रजी ‘इन्स्टेड’मधला ‘स्टेड’ म्हणजे जागाच. अरबीतून उर्दूत आलेला ‘कायम-मकाम’ म्हणजे दुसऱ्याच्या ठिकाणी उभा असलेला. आणि दाखल्यावरचा आपला ‘करिता’ म्हणजे याच सगळ्याचं तीन अक्षरी रूप.

धनी दूर, कारभारी जवळ

अशा पदवीची गरज का पडली? पंधराव्या शतकात नेदरलँड्सचे अनेक प्रांत बर्गंडीच्या ड्यूकच्या हाती एकवटले. पुढे वारसाहक्काने ते हाब्सबुर्ग घराण्याकडे गेले. प्रत्येक प्रांताचे कायदे वेगळे, सभा वेगळी. ड्यूक एकच, तो सगळीकडे कसा हजर राहणार? म्हणून प्रांताप्रांतात त्याच्या जागी एक मातब्बर सरदार नेमला जाई. न्यायव्यवस्थेवर देखरेख, शहरांच्या कारभाऱ्यांच्या नेमणुका आणि सैन्य ही त्याची कामं. हाच स्टाडहाउडर.

१५५९ साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप नेदरलँड्स सोडून स्पेनला गेला आणि पुन्हा कधी परतला नाही. जाताना त्याने हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्त या प्रांतांवर ऑरेंजच्या विल्यमला स्टाडहाउडर नेमलं. पुढे धर्माच्या नावाखाली छळ वाढला, करांचा बोजा वाढला, बंड पेटलं. विल्यम देश सोडून गेला आणि राजाने त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला. पण १५७२ मध्ये हॉलंडच्या बंडखोर शहरांची सभा भरली. तिने जाहीर केलं, की आमच्या दृष्टीने राजाचा खरा स्टाडहाउडर विल्यमच आहे.

गंमत पाहा. लढाई राजाच्या फौजेशी आणि हुकूम राजाच्या प्रतिनिधीच्या नात्याने! राजा चांगला आहे, त्याचे सल्लागार वाईट आहेत, असं म्हणत ही कसरत काही वर्षं चालली. अखेर २६ जुलै १५८१ रोजी प्रांतांच्या महासभेने लेखी जाहीर केलं, की फिलिप आता आमचा राजा नाही. राजा प्रजेसाठी असतो, प्रजा राजासाठी नसते, असा त्या जाहीरनाम्यातला मुख्य युक्तिवाद होता.

आता प्रश्न आला, तो नववीतल्या पोराचा. ज्याची जागा धरायची तो धनीच गेला. मग स्टाडहाउडर आता कुणाच्या जागी?

डच लोकांनी आधी फ्रान्समध्ये, मग इंग्लंडमध्ये नवा धनी शोधून पाहिला. ते जमलं नाही. अखेर प्रत्येक प्रांताची सभा स्वतःच सार्वभौम झाली. स्टाडहाउडर हे पद मात्र रद्द झालं नाही. पूर्वी राजा नेमायचा, आता सभा नेमू लागली. १५८४ साली डेल्फ्ट इथे विल्यमचा खून झाला. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा मॉरिस हॉलंड आणि झीलंडचा स्टाडहाउडर झाला. कागदावर तो सभेचा नोकर होता. प्रत्यक्षात सैन्य त्याच्या हाती, घराणं प्रतिष्ठित आणि लोकांच्या मनात त्याची जागा राजाची.

ही ओढाताण पुढे दोनशे वर्षं चालली. १६५० मध्ये दुसरा विल्यम वारला, तेव्हा हॉलंडसह बहुतेक प्रांतांनी बावीस वर्षं हे पद रिकामं ठेवलं. १६७२ मध्ये फ्रान्सने स्वारी केली आणि घाबरलेल्या लोकांनी तिसऱ्या विल्यमला पदावर बसवलं. हाच विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. इंग्लंडमध्ये मुकुट, मायदेशी मात्र सभेने नेमलेला कारभारी! १७०२ मध्ये तो निपुत्रिक वारला आणि बहुतेक प्रांतांत पद पुन्हा रिकामं. १७४७ मध्ये पुन्हा फ्रेंच चाल करून आले, तेव्हा चौथ्या विल्यमला सगळ्या प्रांतांचा स्टाडहाउडर केलं आणि ते पद वंशपरंपरागत केलं. जागा धरणाऱ्याची जागा आता त्याच्या मुलालाही मिळणार होती.

वेंगुर्ल्यापासून साताऱ्यापर्यंत

ही दूरच्या देशाची गोष्ट वाटत असेल, तर वेंगुर्ल्याला जाऊन या. १६३७ साली वलंदेजांनी तिथे वखार घातली. तिचे अवशेष अजून उभे आहेत. वखारीतल्या या व्यापाऱ्यांच्या मायदेशात कारभारी आणि धनी यांचा झगडा चालू होता. ते ज्या दख्खनमध्ये उतरले होते, तिथेही तोच खेळ वेगळ्या शब्दांत चालू होता. आपल्याकडच्या त्या शब्दाचं नाव पेशवा.

‘पेशवा’ हा फारसी शब्द आहे. ‘पेश’ म्हणजे पुढे. पेशवा म्हणजे पुढे चालणारा, अग्रणी. ‘पेशी’, ‘पेशगी’, ‘दरपेश’ ही त्याचीच भावंडं. दख्खनमध्ये ही पदवी बहमनी दरबारापासून आहे. बहमनी सत्तेचे तुकडे झाल्यावर ती पुढच्या शाह्यांकडे गेली. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मीर मोमीन अस्तराबादी पेशवा होता. अहमदनगरच्या निजामशाहीत पेशवेपद मुसलमानांना मिळालं, तसंच बुऱ्हाण निजामशहाच्या काळात कावरसेन नावाच्या ब्राह्मणालाही मिळालं.

आणि निजामशाहीचा सगळ्यात नामांकित पेशवा म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये ज्या चंगेजखानाच्या पदरी आला, तोही निजामशाहीचा पेशवा होता. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका वारसाला मुर्तझा म्हणून गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं निजामशहांच्या नावाने राज्य चालवलं. फौज अंबरची, जमीनमहसुलाची व्यवस्था अंबरची, खडकी शहर अंबरने वसवलेलं. पण गादीवर नाव निजामशहाचं. त्याने स्वतःला कधी शहा म्हणवून घेतलं नाही. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

शिवाजी महाराजांच्या कारभारातही पेशवा हेच नाव होतं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी दरबारी पदांना संस्कृत नावं दिली गेली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत. त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला. महाराजांचे मुख्य प्रधान मोरोपंत पिंगळे पगारी अधिकारी होते. पद वंशपरंपरेने द्यायचं नाही, हा महाराजांचा दंडक होता.

नावं बदलली, पण लोकांच्या तोंडातून पेशवा काही गेला नाही. पुढे शिक्क्यात ‘प्रधान’ कोरलेलं असायचं आणि बोलण्यात ‘पेशवे’ असायचे. आज मराठी इतिहासाची ओळख सांगणारा हा शब्द फारसी आहे आणि तो दख्खनी दरबारांतून मराठीत आला आहे.

इथे एक फरक सांगायला हवा. शब्दाच्या अर्थाने पेशवा म्हणजे ‘जागा धरणारा’ नव्हे. स्टाडहाउडरचा नेमका अर्थ असलेलं मराठी पद वेगळं होतं, ते म्हणजे प्रतिनिधी. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले. तिथे १६९० च्या सुमारास प्रल्हाद निराजींसाठी हे नवं पद निर्माण झालं आणि मानाने ते पेशव्याच्याही वर होतं. पण इतिहासात जागा धरून बसला तो पेशवाच.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७२० मध्ये ते बाजीरावांना मिळालं, १७४० मध्ये नानासाहेबांना. एका घरात तिसरी पिढी! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून आमची वसई घेतली, तीही शाहू छत्रपतींच्या राज्यासाठी. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले. पुढच्या वर्षी सांगोल्याला झालेल्या ठरावाने कारभाराची सूत्रं पुण्याकडे गेली. छत्रपती साताऱ्यात राहिले, राज्य शनिवारवाड्यातून चालू लागलं. डच लोकांनी स्टाडहाउडर वंशपरंपरागत केला १७४७ मध्ये आणि पुणं साताऱ्याच्या वरचढ झालं १७५० मध्ये. दोन मुलखांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण धनी लांब असला, फौज आणि तिजोरी कारभाऱ्याकडे असली, की काय होतं, ते दोन्हीकडे सारखंच झालं.

तरीही साताऱ्याहून येणारी वस्त्रं थांबली नाहीत. नवा पेशवा छत्रपतींकडून वस्त्रं आल्याशिवाय पेशवा होत नसे. १७७४ मध्ये सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. बाळ पाळण्यात आणि कारभार बारभाईंकडे, पुढे नाना फडणिसांकडे. म्हणजे राजाच्या जागी पेशवा आणि पेशव्याच्या जागी फडणीस!

याच्या पुढची पायरी दिल्लीत चढली गेली. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहा शाहआलमकडून पेशव्यांसाठी ‘वकील-ए-मुतलक’ ही पदवी मिळवली. अर्थ असा, की बादशहाचा सर्वाधिकारी मुखत्यार. प्रत्यक्ष काम महादजींनी पाहायचं, पेशव्यांचे नायब म्हणून. १७९२ मध्ये पुण्यात मोठा दरबार भरवून ही वस्त्रं सवाई माधवरावांना दिली गेली. ती स्वीकारण्याआधी साताऱ्याच्या छत्रपतींची रीतसर परवानगी घेण्यात आली. आता हे चित्र डोळ्यांपुढे आणा. अठरा वर्षांचा पेशवा एकाच वेळी दोन राजांचा कारभारी. एक राजा साताऱ्यात जवळपास नजरकैदेत, दुसरा दिल्लीत डोळे काढलेला. आणि तरी त्या दोघांच्या नावाशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

नायबाचा नवाब

मुसलमान वाचकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ‘नायब’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. नायब तहसीलदार आपण रोज पाहतो. या नायबाचं अरबी अनेकवचन ‘नुव्वाब’. आदराने एकाच माणसाला अनेकवचन लावता लावता त्याचा ‘नवाब’ झाला. म्हणजे नवाब या शब्दात ऐश्वर्य नाही, मालकी तर नाहीच. नवाब म्हणजे बादशहाचा नायब. बंगाल आणि अवधचे नवाब मुळात मोगलांचे सुभेदार होते. दिल्ली दुबळी झाली आणि नायबाचे धनी झाले. १८१९ मध्ये इंग्रजांच्या प्रोत्साहनाने अवधच्या गाजीउद्दीन हैदरने स्वतःला बादशहाच जाहीर केलं. ज्या इंग्रजांनी हा मुकुट चढवला, त्यांनीच १८५६ मध्ये तो उतरवला.

खुद्द कंपनीसुद्धा कायम-मकामच होती. १७६५ मध्ये तिने शाहआलमकडून बंगालची दिवाणी घेतली आणि १८३५ पर्यंत शाहआलमच्या नावाचे रुपये पाडले.

‘खलिफा’ या शब्दाचाही मूळ अर्थ मागून येणारा, जागी येणारा असाच आहे. रिवायत आहे, की हजरत अबू बकर (रजि.) यांना कुणी ‘अल्लाहचे खलिफा’ म्हणून हाक मारली. त्यांनी ते नाकारलं आणि सांगितलं, की मी रसूलुल्लाहचा (सल्ल.) खलिफा आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या वेळी ‘रसूलच्या खलिफाचे खलिफा’ असं लांबत जाणारं नाव झालं, तेव्हा ‘अमीरुल मोमिनीन’ रूढ झालं. मला यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सगळ्यात मोठ्या पदावर बसलेला माणूस आपली पदवी एक पायरी खाली उतरवून सांगतो, कारण जागा कुणाची आहे हे त्याला विसरायचं नाही. आपल्या दीनी भाषेत याला अमानत म्हणतात. पुढच्या काळात अनेक सुलतानांनी ‘जमिनीवर अल्लाहची सावली’ अशा पदव्या लावून घेतल्या, हाही आपलाच इतिहास आहे. तो झाकायचं कारण नाही.

क्यू आणि वसई

आता दोन सह्यांची गोष्ट. पहिली लंडनजवळच्या क्यू इथली, दुसरी आमच्या वसईची.

१७९५ च्या जानेवारीत फ्रेंच फौजा गोठलेल्या नद्यांवरून हॉलंडमध्ये घुसल्या. शेवटचा स्टाडहाउडर पाचवा विल्यम एका मासेमारी बोटीतून इंग्लंडला पळाला. इंग्रजांनी त्याला क्यूच्या राजवाड्यात आसरा दिला. तिथून फेब्रुवारीत त्याने डच वसाहतींच्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, की इंग्रजांच्या फौजा आणि जहाजांना आत घ्या. कायद्याने तो सार्वभौम नव्हता, सभांचा नेमलेला अधिकारी होता. पण त्याच्या सहीचा आधार घेऊन इंग्रजांनी मोहिमा काढल्या. जिथे पत्राने काम झालं नाही, तिथे तोफा आल्या. त्याच ऑक्टोबरात आपल्याच किनाऱ्यावरचं कोचीन वलंदेजांच्या हातून गेलं, पुढच्या वर्षी कोलंबो.

यानंतर सात वर्षांनी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले आणि समुद्रमार्गाने वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथे तह झाला. इंग्रजांची कमीत कमी सहा पलटणींची फौज कायम ठेवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांच्या वैऱ्या असलेल्या कोणत्याही युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही, निजाम आणि गायकवाडांशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानायचा. १८०३ च्या मे महिन्यात इंग्रज फौजेने बाजीरावांना पुण्यात नेऊन पुन्हा बसवलं.

ज्यांच्या नावाने हे राज्य चालत होतं, ते साताऱ्याचे छत्रपती या तहात कुठेही पक्षकार नव्हते. कारभाऱ्याने धन्याला न विचारता धन्याचं घर गहाण टाकलं. आणि दोन्ही ठिकाणी गहाण ठेवून घेणारा सावकार एकच!

इंग्रजांना आपल्या कागदावरचा ‘करिता’ नीट वाचता येत होता, हे १८१८ मध्ये दिसलं. बाजीरावांशी शेवटची लढाई चालू असताना एल्फिन्स्टनने जाहीर केलं, की पेशवाई संपली आणि साताऱ्याच्या राजांसाठी एक राज्य राखून ठेवलं जाईल. म्हणजे ‘आम्ही मराठ्यांचं राज्य घेत नाही, कारभाऱ्याला काढून धन्याला त्याची जागा देतोय’ असं सांगून त्यांनी बहुतेक सगळा मुलूख घेतला. प्रतापसिंह महाराज गादीवर बसले. १८३९ मध्ये त्यांनाही काढलं आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ बिठूरला गेले.

स्टाडहाउडरच्या घराचं काय झालं? नेपोलियन मागे हटल्यावर १८१३ मध्ये पाचव्या विल्यमचा मुलगा मायदेशी परतला आणि १८१५ मध्ये नेदरलँड्सचा राजा झाला. आजचं डच राजघराणं तेच. जागा धरणारा जागेचा मालक झाला आणि पदवी संपली.

पेशवे मात्र शेवटपर्यंत पेशवेच राहिले. १८५७ मध्ये कानपुरात नानासाहेबांनी स्वतःला जाहीर केलं तेही पेशवा म्हणून. यामागे निव्वळ सालसपणा नव्हता. शिंदे, होळकर, नागपूरचे भोसले, बडोद्याचे गायकवाड हे सगळे ज्या एका धाग्यात होते, तो धागा छत्रपतींच्या नावाचा होता. पेशव्याने स्वतःला राजा म्हटलं असतं, तर बाकीच्यांनाही तेवढाच हक्क मिळाला असता. उसनी पदवी हेच पेशव्याचं बळ होतं आणि तीच त्याची मर्यादाही होती.

मग जागा कुणाची?

मागे एकदा वर्गात एका मुलाने मला विचारलं होतं, “सर, आपले शब्द बाहेरचे आहेत का?” कुणीतरी त्याला तसं सुनावलं होतं. अशा मुलांसमोर मी पेशवा हा शब्द ठेवतो. फारसीत जन्मला, बहमनी दरबारात वाढला, हबशी मलिक अंबरने मिरवला, महाराजांच्या दरबारात बसला, कोकणातून देशावर गेलेल्या भट घराण्याच्या नावाला चिकटला आणि आता मराठीच्या बाहेर काढायचा म्हटलं तरी निघणार नाही. फडणीस, चिटणीस, हवालदार, सुभेदार हे सगळे त्याच घरचे. शब्दाला धर्म नसतो, पत्ता असतो आणि या शब्दांचा पत्ता दख्खन आहे. हे मुलांना कळलं, की त्यांची मान ताठ होते. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही कळलं, तर त्याचंही काही बिघडत नाही.

पण अभिमानावर थांबलो, तर धडा अर्धाच राहतो. स्टाडहाउडर, पेशवा, प्रतिनिधी, नवाब या सगळ्या पदव्या एकच गोष्ट सांगतात, की मी बसलोय ती जागा माझी नाही. पदवी हे सांगत राहते आणि माणूस विसरत जातो. पहिल्या पिढीला आठवण असते, दुसरीला सवय होते, तिसरीला तो हक्क वाटतो. आणि संकट आलं, की न विचारता सही होते, क्यूला किंवा वसईला.

आज आपल्याकडे राजा नाही. राज्यघटनेने ती जागा आपल्याला दिली आहे. म्हणून आमदार-खासदारांना आपण लोकप्रतिनिधी म्हणतो. शब्द तोच आहे, जिंजीच्या प्रल्हाद निराजींचा. फक्त मागचा धनी बदलला. वसई-विरार महापालिकेत २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक कारभार पाहत होते. कायद्यात तशी सोय आहे. पण त्या काळात पाण्याच्या, रस्त्याच्या तक्रारी घेऊन कुणाकडे जायचं, हे वालीव नाक्यावर लोक एकमेकांना विचारायचे. तोही नववीतल्या पोराचाच प्रश्न होता.

मुख्याध्यापक परत आले, मी पदभार परत दिला. त्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मुख्याध्यापक संस्थेच्या आणि सरकारच्या जागी सही करतात.”

“आणि सरकार, सर?”

“तुझ्या अब्बांच्या आणि अम्मींच्या जागी. अजून चार-पाच वर्षांनी तुझ्याही.”

त्याने खिशातून ते बोनाफाईड काढलं. घडी पडून चुरगळलं होतं. पुन्हा एकदा ‘करिता’वर बोट फिरवून त्याने ते नीट ठेवून दिलं.